कपाटापलीकडच्या चार काड्या

माझे पती गेले त्याच वर्षी अंबरनाथचा आमचा छापखाना बंद झाला. चौदा वर्षं मी तिथे मुद्रितं तपासत होते. उल्हासनगरच्या कॅम्पात एका क्लासला नेटवर्किंग शिकायला जाऊ लागले, ते मुख्यतः तिथे मला कुणी ओळखत नव्हतं म्हणून.

शिकवणारे सिंधी गृहस्थ म्हणाले, "प्रूफमें मिस्टेक ढूँढते थे ना मॅडम? इधर भी वोही करने का. बस, कागज नहीं है."

कागद नाही, ह्याचंच मला नवल वाटत राहिलं. छापखान्यात सुरुवातीला अक्षरांचे शिशाचे खिळे होते. 'क्ष'चा खिळा तळहातावर घेतला की गार लागायचा. आता तोच 'क्ष' वायरीशिवाय, भिंतीतून पलीकडे जाणार होता.

पहिलं काम मी आपणहून मागितलं. हेंद्रेपाड्यातल्या आमच्या बुद्धविहाराला अभ्यासिका होती, तिथे वायफाय लावायचं. फॉर्म इंटरनेटवर भरायचे दिवस आले होते, आणि मुली त्यासाठी सायबर कॅफेत रांगा लावत. सोनिवलीहून येणाऱ्या एकीच्या नर्सिंगच्या फॉर्मची मुदत सोमवारी संपत होती. समितीचे अध्यक्ष, आम्ही त्यांना काका म्हणतो, ते कसेबसे तयार झाले.

"सूनबाई, मशीन हापिसात राहील, कुलपात. आणि रविवारपर्यंत चाललं नाय, तर लाईन कट."

ऑफिस आणि अभ्यासिका हे एकच लांब दालन होतं. मधे भिंत नव्हती, छतापर्यंतचं लोखंडी कपाट होतं. जुन्या लाकडी कपाटातली पुस्तकं वाळवीने खाल्ली तेव्हा माझ्या ह्यांनी हे तीन भागांत बनवलं, बोल्टांनी जोडलं. अंबरनाथला कारखान्यात फिटर होते. बसवल्यावर दारावर थाप मारून म्हणाले होते, "ह्यातून काय पण आत जाणार नाय."

यंत्र लावलं. ऑफिसात लॅपटॉपवर सिग्नलच्या चार काड्या. पलीकडे एकही नाही.

"मॅडम, तुमचा डब्बा बोलतोय, पण आमाला ऐकू नाय येत," सोनिवलीची म्हणाली. बाकीच्या हसल्या.

दोन दिवस मी सेटिंग बदलत होते. शनिवारी लॅपटॉप दोन्ही हातांवर धरून एकेक पाऊल चालले. खांबाआड तीन. कपाट आणि भिंत ह्यांमधल्या फटीत दोन. कपाटामागे शून्य. पुन्हा फटीत दोन. जे दिसत नव्हतं त्याचा आकार मला पावलांनी कळत होता. कुठे वाहतंय, कुठे अडतंय. आणि मग क्लासच्या वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं वाक्य आठवलं: धातू लहरी परतवतो. सगळीकडे चूक शोधली, पण ते कपाट मी धातूत धरलंच नव्हतं. माझ्या लेखी ते कपाट म्हणजे हेच होते.

काकांना मी सांगितलं, यंत्र कमी पडतंय, दुसरं मागवावं लागेल. आयुष्यात इतकं सरळ खोटं बोलले नव्हते. त्यांनी कपाटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "मग ह्या पोरीला सोमवारचं काय सांगू?"

रविवारी सकाळी मी घरून ह्यांचा पाना घेऊन गेले. मुलींनी पुस्तकं उतरवली. पाच वर्षांचे बोल्ट; गंजले असणार, हातोडा लागणार, असं धरून चालले होते. पहिल्याला पाना लावला आणि तो लोण्यातून निघावा तसा फिरला. आट्यांमध्ये ग्रीस भरलेलं, अजून ओलं. दुसऱ्याच्याही. सगळ्यांच्या. ज्या जागी कुणी कधी बघणार नव्हतं, तिथे ह्यांनी उद्या खोलणाऱ्याची सोय करून ठेवली होती.

मी बोटं पदराला पुसली नाहीत.

तिन्ही भाग बाजूच्या भिंतीला गेले. मधे फरशीचा एक स्वच्छ, लांब पट्टा उघडा पडला. सोनिवलीची त्यावरच मांडी घालून बसली, लॅपटॉप पुढ्यात ओढला.

"आला मॅडम! फॉर्म आला!"

काका कपाटाजवळ उभे होते. त्यांनी दारावर हलकी थाप मारली. मी तिच्या खांद्यावरून काड्या मोजल्या. चार. मग पुन्हा मोजल्या, मुद्रित दोनदा वाचतात तशा.