घाईतली झाडं

माझ्या थोरल्या साडूंइतका उतावीळ माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात दुसरा नसेल. भाकरी तव्यावर फुगायच्या आत ते ताटात मागतात. एसटीला पाच मिनिटं उशीर झाला की पुढच्या थांब्याकडे चालू लागतात, आणि मग तीच एसटी त्यांना वाटेत ओलांडून निघून जाते. एका लग्नाला ते इतक्या लवकर पोहोचले की मांडववाल्यानं आपला गडी समजून त्यांच्या हातात दोरी दिली. अशा माणसानं दिंडोरीजवळच्या रानातली द्राक्षबाग काढून झाडं लावायची ठरवली, तेव्हा घरातले सगळे हबकले. पण रोपवाटिकावाल्यानं त्यांना मलबार नीमची रोपं दाखवली होती. प्लायवूडसाठी लागणारं हे झाड सहा-सात वर्षांत तोडायला येतं, आणि इतकं भराभर वाढतं की नुसतं बघत राहावं, असं तो म्हणाला. साडूंनी ते शब्दशः घेतलं.

लागवड झाल्यावर ते तीन दिवस रानात खुर्ची टाकून बघत बसले. मग शिंप्याची टेप आणली आणि सकाळ-संध्याकाळ मापं सुरू झाली. मी कचेरीत असलो तरी फोन यायचा, "पाव्हणं, तिसऱ्या ओळीतलं चौथं आज दोन बोटं वर गेलं." एकदा एक रोप चार बोटं आखूड भरलं. साडू दिवसभर जेवले नाहीत. कृषी सहायकांना बोलावणं गेलं. त्यांनीही गंभीरपणे रोपाभोवती दोन चकरा मारल्या. शेवटी अक्कांनी, म्हणजे माझ्या मेहुणीनं, पदराला हात पुसत सांगितलं की काल त्यांनीच त्याच्या बुडाशी मातीची भर घातली होती.

पण झाडं खरोखरच वाढली. पाचव्या वर्षी शेंडा बघताना गावकऱ्याची टोपी पडली की साडूंचा चेहरा फुलायचा. पंचाईत झाली ती बांधापलीकडे. तिथं त्यांच्या धाकट्या भावाची, नानांची, द्राक्षबाग. बांधालगतच्या अकरा झाडांची सावली तिच्यावर पडू लागली, वेलींना ऊन मिळेना, घडांवर भुरीचा रोग आला. साडूंनी टेप लावून सावली मोजली आणि उन्हाळ्यात ती आपोआप आखूड होते, असं नानांना समजावून सांगितलं. नाना भांडले नाहीत. फक्त रोज सकाळी चहाला यायचे, ते यायचे थांबले.

साडू पंधरा दिवस दोन कप मांडायला लावत होते. सोळाव्या दिवशी त्यांनी लाकूडवाल्याला बोलावलं. झाडं अजून कोवळी आहेत, दोन वर्षं थांबा, असं तो म्हणत होता. मी त्या दिवशी तिथंच होतो. अकरावं झाड पडलं तेव्हा नाना धावत बांधावर आले.

"दादा, नुसत्या फांद्या छाटल्या असत्या तरी चाललं असतं."

"पडली ती पडली," साडू म्हणाले. "चहा घेतो का?"

अक्कांनी चहा रानातच आणला. दोघं भाऊ पडलेल्या खोडावर बसले. वेलींवर ऊन आलं होतं. नाना आपल्या बागेकडे बघत होते, साडू मात्र खोडावर तळहात ठेवून बसले होते. मग ते माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "अजून ओलं हाय, पाव्हणं."