इंग्लंडच्या टेकडीची रंगीत तालीम, मुक्काम बुकित तिमा

इंग्लंडच्या जुन्या खेड्यांभोवतीच्या टेकड्यांवरून आणि रानवाटांवरून कसं चालावं, या विषयातला आमच्या घरातला तज्ज्ञ मी आहे. मी इंग्लंडला कधी गेलेलो नाही.

हे तज्ज्ञपण माझ्या गळ्यात कसं पडलं ते सांगतो. नव्वदच्या दशकात मी सिंगापूरला इंजिनिअरिंग शिकत होतो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, त्यामुळे मला सगळंच येतं असा घरच्यांचा पक्का समज झाला होता. गावाहून वडील फोन करून आंब्याचा मोहर का गळतो ते विचारत. सिंगापुरातच बेडोकला राहणारी मावशी फ्रीजमधून आवाज येतो म्हणून हॉस्टेलवरून बोलावून घेई. (मी फ्रीजकडे गंभीरपणे बघत उभा राहायचो. आवाज थांबला तर माझं शिक्षण, नाही थांबला तर फ्रीज जुना!) "मला माहीत नाही" असं म्हणायचा धीर मला कधी झालाच नाही.

एका रविवारी मावशीकडे जेवायला गेलो, तर काका आणि मावशी समोरासमोर ठाकलेले. काका मालवाहू जहाजांवर चीफ इंजिनिअर. त्यांचे एक जुने इंग्रज कॅप्टन निवृत्त होऊन तिकडे एका पुरातन खेड्यात राहायला गेले होते. त्यांनी फोन करून दोघांना आठवडाभर बोलावलं होतं. दगडी चर्च, गवताने शाकारलेली घरं, आणि रोज नाश्ता झाला की टेकडीवरून, रानातून एक सोपीशी फेरी. चार मैलांची.

"चार मैल!" काका म्हणाले. "लिफ्ट बंद पडली की तू दुसऱ्या मजल्यावर शेजारणीकडे चहाला बसतेस. साहेबांसमोर माझी शोभा नको. मी एकटाच जाऊन येतो."

"तुम्ही सगळं जग बघितलंत," मावशी म्हणाली, "आणि मला काय, पोस्टकार्डं! मी चालेन."

"तू नाही चालू शकणार, अगं."

मावशी आत गेली आणि पानं वाढून घेऊन आली. आमटीत फोडणी घालायचीही ती विसरली. मला राहवलं नाही, आणि मी तोंड उघडलं.

"काका, मला वाटतं... म्हणजे, सराव केला तर..."

काका जेवता जेवता थांबले. "ठीक! पुढच्या रविवारी बुकित तिमा. जो मध्येच खाली बसेल तो इंग्लंडला जाणार नाही. आणि हा सुधीर पंच. शिकलेला आहे, पक्षपात करणार नाही!"

बुकित तिमा म्हणजे सिंगापूरचा सर्वांत उंच डोंगर. (आमच्या संगमेश्वराकडे याला कुणी नावही ठेवलं नसतं.) पण जबाबदारी ती जबाबदारी! मी लायब्ररीतून इंग्लंडमधल्या सोप्या पदयात्रांचं एक पुस्तक आणलं. ज्या घरात पंचांग सोडून दुसरं पुस्तक नव्हतं, तिथला मी. छापलेलं ते सगळं खरं आणि शब्दशः पाळायचं, अशी माझी श्रद्धा होती. पुस्तकात लिहिलं होतं: लोकरीचा स्वेटर आणि जाड बूट घालावेत. वाटेत भेटेल त्याला 'गुड मॉर्निंग' म्हणावं. मेंढ्या दिसल्या तर धावू नये, बाजूने शांतपणे जावं.

आता मेंढ्यांचा सराव बेडोकमध्ये कसा करायचा? मी पुष्कळ विचार केला आणि मावशीची नऊ वर्षांची मुलगी ऋचा हिला त्यांच्या बिल्डिंगखालच्या मोकळ्या जागेत दोन हातांवर आणि गुडघ्यांवर उभं केलं.

"व्हाय मी, दादा? आय डोन्ट वॉन्ट टू बी शीप लाह!" ऋचा आपल्या सिंगापुरी इंग्रजीत कुरकुरली.

"थोडाच वेळ, ऋचा. आईसाठी."

मावशी तिच्या बाजूने अगदी शांतपणे गेली, जाता जाता तिच्या डोक्यावरून हातही फिरवला. मग दाखवून द्यावं म्हणून मी गेलो. ऋचा माझ्या पोटरीला कडकडून चावली!

"मेंढ्या चावत नाहीत!" मी ओरडलो.

"हाउ यू नो? यू एव्हर मेट वन, मेह?"

खरं सांगायचं तर, नव्हतो भेटलो. आमच्याकडे शेळ्या.

रविवार उजाडला. काकांनी रॉटरडॅमला घेतलेला जाडजूड स्वेटर चढवला होता, पायांत इंजिनरूमचे बूट होते आणि हातात छत्री. माझ्या डोक्यावर गावाहून आणलेली कानटोपी आणि अंगावर मावशीची शाल. सिंगापूरच्या उन्हात बसस्टॉपपर्यंत पोचेस्तोवर आम्ही दोघे पिळून वाळत घालण्याच्या लायकीचे झालो होतो. एमआरटीच्या, म्हणजे तिथल्या मेट्रोच्या, गारव्यात शिरल्यावर काका मात्र विजयी मुद्रेने म्हणाले, "बघा! स्वेटरचा उपयोग झाला की नाही?"

मावशीने पुस्तकाला मुळीच जुमानलं नव्हतं. सुती साडी, पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि खांद्याला एक जड पिशवी.

"त्यात काय आहे?" मी विचारलं.

"पंचाने पंचासारखं राहावं," मावशी म्हणाली.

चढ सुरू झाला. दोन्ही बाजूंना घनदाट झाडी, मध्ये डांबरी रस्ता, तोही भिंतीसारखा उभा. सुरुवातीलाच एक चिनी आजोबा भेटले, बनियन आणि अर्धी चड्डी घातलेले. ते व्यायाम म्हणून उलटे चालत होते. म्हणजे चढत होते वर, आणि तोंड आमच्याकडे!

"गुड मॉर्निंग!" काका म्हणाले.

"मॉर्निंग," आजोबा म्हणाले आणि उलट्या पावलांनी चालत राहिले. चार पावलांनंतरही ते काकांच्या तोंडासमोरच होते.

"गुड मॉर्निंग!" काका पुन्हा म्हणाले.

"काका, एकदा म्हटलं की पुरे," मी हळूच सांगितलं.

"अरे, माणूस तोंडाकडे बघतोय! मख्खासारखं कसं चालू? पुस्तक तुझंच ना? गुड मॉर्निंग!"

आजोबा हसले आणि त्यांनी वेग वाढवला. इथे काकांमधला चीफ इंजिनिअर जागा झाला. सत्तरीचा माणूस, तोही उलटा चालणारा, आपल्या पुढे जातो म्हणजे काय? काका छत्री सरसावून धावले. आजोबा मागे न बघता (म्हणजे पुढे न बघता, म्हणजे... असो) आणखी जोरात निघाले. एक वळण गेलं, दुसरं गेलं. काकांचं 'गुड मॉर्निंग' आधी 'गुड मॉ' झालं, मग नुसतं 'गु...' आणि शेवटी काहीच ऐकू येईना.

रस्त्याकडेच्या एका छपरीत काका बाकावर टेकले. चेहरा पिकल्या टोमॅटोसारखा.

"बसलात?" मावशीने विचारलं.

"बसलो नाही! देखावा बघतोय!"

समोर फक्त कचऱ्याचा डबा होता. मी पंच. दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी शालीने घाम पुसला आणि म्हणालो, "पुस्तकात याबद्दल काही दिलेलं नाही."

"हे बघतायत तोवर आम्ही वर जाऊन येतो," असं म्हणून मावशी निघाली. लिफ्ट बंद पडल्यावर शेजारणीकडे बसणारी हीच का ती? पदर खोचून ती सरासरा चढत होती, मागून ऋचा, आणि त्यांच्यामागे धापा टाकत पंच!

"मावशी, एवढा दम कुठून आला?"

"वर देव असला की पाय आपोआप चालतात रे. आमच्या मार्लेश्वराला मी कडेवर पोर घेऊन चढायची."

तिला कसं सांगावं? शेवटी माथ्यावर पोचलो. तिथे एक मोठा दगड आणि त्यावर डोंगराची उंची कोरलेली. बस्स.

"देऊळ कुठाय?" मावशीने विचारलं.

"मावशी, इथे... देव नाहीये."

"म्हणजे? मग एवढे लोक वर कशाला येतात?"

"व्यायामाला."

"आणि ते इंग्लंडातले?"

"तेसुद्धा... नुसतेच चालतात. आणि मग परत येतात."

मावशीने त्या दगडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिला माझी कीव आली असावी. "इतका शिकलास," ती म्हणाली, "आणि एवढंही कळेना? डोंगर कधी रिकामा असतो होय?" पिशवीतून हळदकुंकू निघालं. दगडावर दोन बोटं टेकली. मग निघाला नारळ! मी "नको" म्हणेपर्यंत तो फुटलाही होता.

त्या आवाजासरशी झाडांतून माकडं उतरली. एक नाही, दोन नाही, सगळं खानदान! एकाने नारळाची एक कवड पळवली, दुसऱ्याने साखरफुटाण्यांची पुडी, आणि तिसऱ्याने माझी कानटोपी ओढून स्वतःच्या डोक्यावर घातली. एक म्हातारं माकड माझं पुस्तक घेऊन झाडावर जाऊन बसलं.

"लायब्ररीचं आहे ते!" मी खालून ओरडलो. त्याने शांतपणे एक पान फाडून खाल्लं.

"डोन्ट रन, दादा!" ऋचा ओरडली. "गो पास्ट क्वाएटली!"

तेवढ्यात शिट्टी वाजली. गणवेशातला रेंजर धावत आला. तमिळ होता. त्याने फुटलेला नारळ पाहिला, कुंकू लावलेला दगड पाहिला, आधी भक्तिभावाने हात जोडले आणि मग खिशातून दंडाची पावती काढली.

"आंटी, माकडांना खायला घालायला बंदी आहे!"

"मी कुठे घातलं?" मावशी हिंदी, मराठी आणि हातवारे यांच्या मिश्रणात म्हणाली. "मी देवाला दिलं. देवाने त्यांना दिलं. देवाकडून घ्या दंड!"

रेंजरने एकदा दगडाकडे पाहिलं, एकदा पावतीकडे. तेवढ्यात त्याचा वॉकीटॉकी खरखरला. खालच्या छपरीत स्वेटर घातलेला एक माणूस आडवा पडला आहे, बूट काढता येत नाहीत, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला क्षीण आवाजात 'गुड मॉर्निंग' म्हणतो आहे. हा कुणाचा?

"माझाच," मावशी म्हणाली, आणि दंड राहून गेला.

काकांना स्ट्रेचरवरून खाली आणलं. उन्हापलीकडे त्यांना काही झालं नव्हतं, घोटा तेवढा मुरगळला होता. स्ट्रेचरच्या पुढे ते चिनी आजोबा उलटे चालत होते, त्यामुळे सबंध उतारभर काकांना त्यांच्या तोंडाकडे बघत यावं लागलं. काकांनी शेवटी डोळे मिटून घेतले.

"सुधीर," मावशीने विचारलं, "पंचाचा निकाल?"

मी काकांकडे पाहिलं. "नियमाप्रमाणे... जो बसला... आणि हे तर झोपले आहेत..."

"जाऊ दे," मावशी म्हणाली. "मी नेईन त्यांना. एकटे कुठे राहतील!"

ऋचाला माझ्यावर सोपवून ते दोघे गेले. पहिल्याच दिवशी मावशीचा तिकडून फोन आला. काका कॅप्टनसाहेबांच्या बागेत पाय वर करून बसले होते, आणि मावशी साहेबांबरोबर टेकडी चढून आली होती.

"वर काय होतं गं?"

"नुसतं बाकडं रे! वाहिलं त्यालाच हळदकुंकू. साहेबांनी टोपी काढली. पण ऐक, उद्याच्या वाटेवर मेंढ्या आहेत म्हणे, पुष्कळ. साहेब म्हणतात, काही करत नाहीत. मी म्हटलं, थांबा, आमच्या सुधीरला विचारते. तो त्यातला जाणकार आहे."

पोटरीवरच्या दातांच्या खुणा अजून पुरत्या गेल्या नव्हत्या. मी घसा खाकरला.

"मावशी," मी गंभीरपणे म्हणालो, "मला वाटतं, साहेब फार भोळे आहेत."