एक तास पुढे

दूरच्या त्या शहरातली घड्याळं वर्षातून एकदा एक तास पुढे सरकतात, हे आम्हाला शाळेत शिकवलं होतं आणि त्या दिवशी मी चक्क वर्गात होतो. तरी तिकडून निरोप आला, "उद्यापासून आमची घड्याळं एक तास पुढे, भेट नेहमीसारखी नऊलाच", आणि मी आत्याला ठणकावून सांगितलं, "भेट पुढे गेली गं. संध्याकाळी सहाऐवजी सात. निवांत शिव."

आता आपल्याकडे काहीही पुढे गेलं की ते उशिरानेच होतं, मग ते लग्न असो, परीक्षा असो की नळाचं पाणी. त्यांचं घड्याळ पुढे गेलं म्हणजे त्यांचे सकाळचे नऊ आपल्याला तासभर आधीच गाठणार, हा उजेड माझ्या डोक्यात पडला तो पाच वाजता फोन वाजल्यावर.

आत्याला गल्लीत सगळे 'कात्री' म्हणतात. निम्मे धंद्यामुळे, निम्मे जिभेमुळे. शाळेच्या गणवेशांपासून सुरुवात करून ती नाटकातल्या कोटांपर्यंत पोचली. तिकडच्या नाटक कंपनीत कपड्यांचं बघणारी बाई आज नमुन्याचा कोट पाहणार होती. पसंत पडला तर सगळ्या नटांचे कोट आमच्याकडे. नाही पडला तर, त्या भरवशावर शेजारची खोली घेऊन मांडलेल्या दोन नव्या मशीनवर आम्ही कुंड्या ठेवायच्या.

आत्या त्या शहरात कधी गेलेली नाही, पण फोनच्या पडद्यावर बाईमागे दिसणाऱ्या खिडकीवरून तिने ते पुरतं ओळखलंय. "इतक्या गाड्या जातात, पण एक हॉर्न नाही. ते शहर घड्याळ बघून जेवतं, आपलं शहर भूक लागली की घड्याळ बघतं. पोट दोघांचंही भरतं."

तर फोन वाजत होता. कोट पुतळ्यावर होता, उजवी बाही कोटाला आणि डावी टेबलावर.

"उचलू नकोस," मी कुजबुजलो. "सांगू, नेटवर्क नव्हतं."

"म्हणजे थापाडेही ठरू? गाढवा, पुतळा फिरव. बिनबाहीची बाजू पुढे."

"बिनबाहीची?"

"झाकलं की शिंपी चोर ठरतो. फिरव!"

पडद्यावर बाई आली. कॉफीचा कप, केस चापून बसवलेले. तिने कोट पाहिला. "अर्धाच?"

"वेळेचा घोळ आमच्याकडून झाला," आत्या माझ्याकडे न बघता म्हणाली. (न बघता बोलते तेव्हा जास्त लागतं.) "पण अख्खा कोट कुणीही दाखवेल, बाई. तुम्ही आतला बघा." तिने खांद्याचं भोक उलगडून अस्तर मागे सारलं. "शिवणीत दोन बोटं माया ठेवलीय. नट सुटला तरी कोट उसवून वाढवता येतो."

"आमचे नट सुटतातच," बाई म्हणाली.

"नट सगळीकडचे सारखेच."

बाई हसली, पण लगेच घड्याळाकडे पाहिलं. "बाही बसल्यावर खांदा कसा पडतो, ते दिसल्याशिवाय हो म्हणणार नाही. साडेनऊला माझी दुसरी भेट आहे."

"मग कॉफी संपवा," आत्याने सुई ओवली.

तिने बाही कच्च्या टाक्यांनी हातानेच बसवली. मी टाचण्या धरून उभा, बाई तिकडे कॉफीचे घोट घेत, आणि बाहेर आमची गल्ली जिवाच्या आकांताने हॉर्न वाजवत होती. शेवटी आत्याने पुतळ्याचा खांदा थोपटला. एक चुणी नाही.

"सगळ्यांचे करा," बाई म्हणाली. "पुढच्या आठवड्यात मापं पाठवते. नऊला बोलू."

"म्हणजे आमचे पाच," आत्या म्हणाली. या वेळी माझ्याकडे बघून.

आता हिवाळ्याच्या तोंडावर तिकडची घड्याळं पुन्हा मागे गेली. मी म्हटलं, "आत्या, त्यांनी नेलेला तास परत केला. फिटलं."

"त्यांचं फिटलं. एक तास त्यांनी नेला होता आणि एक नसलेला तू मला देऊ केलास. तुझ्याकडे दोन तास काजं करायचं काम निघतं."

"एकच!"

"दोन."

वाद मिटेपर्यंत काजांना हात लावणार नाही, असं मी तिला बजावलंय. बटणांचा डबा तिने माझ्या टेबलावर आणून ठेवलाय. मी त्यावर चहाचा कप ठेवतो.