सकाळी आठचं पाणी

प्रल्हादकाकांनी एकतीस वर्षं गोदावरीचं पाणी मोजलं. पाटबंधारे खात्यात नोकरी. नदीत रोवलेल्या मोजपट्टीवर पाणी कुठवर आलंय ते रोज सकाळी आठच्या ठोक्याला वाचायचं आणि वहीत उतरवायचं. स्वतःच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा आधी पाणी, मग मांडव! असा हा माणूस निवृत्त होऊन २००४ साली सिअ‍ॅटलजवळ मुलाकडे राहायला आला आणि दोन महिन्यांत पार कंटाळून गेला. सून राधिका बिचारी विचारायची, "बाबा, टीव्ही लावू का?" पण टीव्ही तरी माणसाने किती बघायचा हो?

घरामागे हॉलबर्ग क्रीक नावाचा ओढा होता. ऑक्टोबरात एकदा काका तिथे फिरत असताना एक मुलगी छातीपर्यंत रबरी कपडे चढवून पाण्यात उभी दिसली, हातात वेग मोजायचं यंत्र. काका बराच वेळ नुसते बघत होते. मग मात्र तोंडातून निघून गेलंच, "अगं, जरा खाली धर की!"

ती वळली आणि हसून म्हणाली, "किती खाली, काका?"

ही नैना. आईवडील नागपूरचे, जन्म ओहायोचा, नोकरी शहराच्या पाणी खात्यात. मराठी अडखळत बोलायची, पण बोलायची. तिने काकांना सगळं सांगितलं. सॅमन मासे समुद्रातून पोहत या ओढ्यात येतात, गोट्यांमध्ये अंडी घालतात, आणि वसंतात पिल्लं मात्र जवळजवळ दिसतच नाहीत. तिचा संशय होता की वरच्या मॉलच्या पार्किंगमधलं पावसाचं पाणी एकदम येतं आणि अंडी उखडून नेतं. तसं असेल तर वर एक तळं खणून ते पाणी अडवता येईल. एप्रिलमध्ये शहराच्या सभेत त्याचा निर्णय होता. "पण काका, डेटाच नाही. नुसती मोजपट्टी रोवलीय, ऑटोमॅटिक मशीन अजून आलं नाही, आणि रोज इथे येऊन रीडिंग कोण घेणार?"

"मी आहे की," काका म्हणाले.

त्या दिवसापासून काकांचा चेहराच बदलला. डिसेंबरात आठ वाजता धड उजाडलेलं नसतं, तरी स्वारी कानटोपी घालून ओढ्यावर हजर. एक दिवस चुकला नाही. दर शुक्रवारी वही नैनाच्या हातात. पण आकडे बघून पोरीचा चेहरा उतरत चालला. पाणी फूटभर, फार तर सव्वा फूट. ओढा कसा अगदी शहाण्या मुलासारखा! अशा आकड्यांवर तळं कोण मंजूर करणार?

फेब्रुवारीच्या शेवटी राधिका काकांना दातांच्या डॉक्टरकडून घरी आणत होती. दुपारचे तीन, धो धो पाऊस. पुलावर आल्यावर काका ओरडले, "थांबव, थांबव गाडी!" खाली ओढा गढूळ होऊन नुसता गर्जत होता. मोजपट्टीवरचा चार फुटांचा आकडा पाण्याखाली गेलेला. राधिका म्हणाली, "बाबा, भिजताय, चला ना." पण काका हलेनात. पाऊस थांबला. दीड तासात पाणी उतरून पुन्हा सव्वा फुटावर आलं.

तेव्हा काकांच्या डोक्यात प्रकाश पडला. गोदावरीचा पूर चढायला दिवस घेतो, उतरायला दिवस घेतो. सकाळी आठला वाचलं की तो सापडतोच. हा ओढा म्हणजे शहराचं गटार झालेला. त्याचा पूर जेवणाच्या सुट्टीत येऊन जातो! चार महिने काकांनी मोठ्या नदीचं घड्याळ या एवढ्याशा पाण्याला लावलं होतं. आणि आता त्याच वहीच्या भरवशावर सभा म्हणणार, कशाला हवंय तळं?

गप्प बसणं सोपं होतं. एकतीस वर्षांत वहीवर कुणी बोट ठेवलं नव्हतं, आणि या वयात कुठे हसं करून घ्यायचं? पण काकांनी भिजल्या कपड्यांनिशीच नैनाला फोन लावला. "पोरी, आकडे खरे आहेत गं. वेळ चुकली माझी."

मग ती म्हणाली, "काका, मी पण कधी विचारलं नाही ना, आठच का? माय मिस्टेक टू. उद्या पाऊस आहे. खुर्ची घेऊन येते."

पुढचे पाच आठवडे दोघांनी पाऊस सोडला नाही. ढग आले की काका छत्री आणि थर्मास घेऊन निघालेच. दर दहा मिनिटांनी एक आकडा. सहा वेळा ओढा चार फुटांवर गेला, सहाही वेळा दोन तासांच्या आत उतरला.

सभेत एका सभासदाने जुनी वही उचलून विचारलं, "मग यातला कुठला ओढा खरा मानायचा?" नैना उठणार, इतक्यात काकाच उभे राहिले. मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाले, "सर, दोन्ही खरे. आठ वाजता तो असा असतो. अंडी मरतात तेव्हा तो तसा असतो. मी चुकीच्या वेळी जात होतो. ती चूक माझी मलाच सापडली, म्हणून सांगतोय." सभागृहात कुणी हसलं नाही. तळं मंजूर झालं.

ते पुरं व्हायला २००७ची दिवाळी उजाडली. त्या हिवाळ्यात कितीही पाऊस झाला तरी ओढा दोन फुटांच्या वर गेला नाही. मार्चमध्ये नैनाने काकांना काठावर गुडघ्यांवर बसवलं. कडेच्या संथ पाण्यात बोटाच्या पेरापेक्षा लहान पिल्लं, दहा, वीस, मग मोजताच येईनात. एकतीस वर्षं मोजणारा माणूस मोजायचं सोडून रडायला लागला.

"काका, आर यू ओके?"

"अगं, देवाचं देणं आहे हे," काका डोळे पुसत म्हणाले. "आणि तुझं. म्हाताऱ्याची चूक ऐकून घेतलीस आणि दुसऱ्या दिवशी खुर्ची आणलीस. तुझे उपकार मी कुठल्या वहीत लिहू?"