आधी सुमेर

रविवारच्या मराठी शाळेत मी मुलांकडून भिंतीवर एक लांब कागदी पट्टी लावून घेतली होती. जगातली पहिली शहरं कुठे उभी राहिली, ते तिच्यावर क्रमाने होतं: आधी सुमेर, मग इजिप्त, मग आपली सिंधू संस्कृती. ही शाळा चालवणाऱ्या, अमेरिकेतल्या ईडन प्रेरी गावच्या आमच्या मंडळाचे एक ज्येष्ठ काका, निवृत्त डॉक्टर, ती पाहून थांबले.

"अगं, आपलं तिसरं? ते पहिलं कर बघू."

मी मंडळात फारशी बोलत नाही. माझं मराठी घरचं आहे, शाळेचं नाही, आणि चुकलं की लोक प्रेमाने हसतात. तेही मला नको असतं.

"नाही काका. सुमेरची शहरं आधीची आहेत."

"तू इंग्लिश मीडियमची. तुला संस्कृती काय कळणार?"

तेव्हा लक्षात आलं, घोळ शब्दात होता. मराठीत सिव्हिलायझेशनही संस्कृती आणि शुभंकरोतीही संस्कृतीच. काकांना वाटलं, मी त्यांच्या देवघराला तिसरा नंबर दिला.

"काका, ही संस्कृती म्हणजे विटा, रस्ते, गटारं." मी म्हणाले. "गटारांत मात्र आपला हात धरणारं कोणी नव्हतं. ते मोठ्या अक्षरांत लिहू?"

मुलं फिदीफिदी हसली. काकांनी सुमेरची टाचणी काढायला हात उचलला, तशी मी पट्टीपुढे जाऊन उभी राहिले.

"मग पुढच्या रविवारी दुसरं कोणी शिकवेल," ते म्हणाले.

"चालेल. आज मी शिकवतेय."

आणि मुलांकडे वळून मी सुमेरपासून सुरुवात केली.