आमेनच्या आधी

चर्चच्या दारात उभी असली की ओझेला मेबन तोंडातून शब्द काढत नसे. बावीस वर्षांत एकदाही नाही. आमच्या माउंट बेथनी चर्चमध्ये दारं आणि रांगा आम्ही बायका सांभाळतो. पांढरा झगा, पांढरे हातमोजे, पांढरे बूट, डावा हात पाठीमागे. बोलायचं ते उजव्या हाताने. पंजा वर गेला की थांबा, खाली आला की चला. मी डाव्या रांगेला, ओझेला मोठ्या दारावर. प्रार्थना चालू असताना कुणी आत येत नाही, कुणी बाहेर जात नाही. एकदा तर तिने पाद्रीसाहेबांच्या बायकोलाच पावसात उभं केलं होतं. बाई चिडली, पण उभी राहिली.

बाकीचे दिवस ती हॉस्पिटलच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करायची आणि तिथे मात्र तिच्या तोंडाचा पट्टा चालू असे. नवरा एल्मो ओतशाळेत कामाला. साधा माणूस. कचरा टाकायला निघाला तरी डोक्यावर हॅट घालणारा.

सदुसष्टच्या जुलैत अमेरिकेतली बरीच शहरं पेटली, त्यात आमचंही. पोलिसांनी एका घरावर धाड घातली, आमच्या काळ्या पोरांना फरफटत नेलं, आणि वर्षानुवर्षं साठलेलं सगळं बाहेर आलं. तिसऱ्या दिवशी सकाळी बूट दुरुस्त करणाऱ्या टॉलिव्हरकाकांनी निरोप धाडला, आग जवळ येतेय, आपापले बूट घेऊन जा. एल्मो बायकोचे पांढरे बूट आणायला गेला. नवे तळवे लावायला दिले होते. बूट काखेत घेऊन भरदिवसा घरी येत होता, कोपऱ्यावर गोळी लागली. दुपारी टॉलिव्हरकाकांचं दुकान जळालं. ते मुलीकडे अलाबामाला गेले आणि महिन्याभरात तिथेच वारले. साक्षीला कोणी उरलं नाही.

पेपरात मेलेल्यांची यादी आली. एल्मो मेबन, वय बावन्न, लुटारू, बूट पळवताना ठार. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच.

बूट पोलिसांनी ठेवून घेतले. ओझेलाने चार वेळा कचेरीचे उंबरठे झिजवले. एकदा मी बरोबर होते.

"ते पुराव्यात जमा आहेत," खिडकीतला गोरा माणूस म्हणाला.

"कसला पुरावा?"

"चोरीचा."

"माझे बूट माझ्याच नवऱ्याने चोरले?"

"पुढची ये गं."

बाहेर पायरीवर ती मला म्हणाली, "क्लिओटा, मला बाकी काही नको. तो लुटारू शब्द पुसला गेला पाहिजे. तो पुसल्याशिवाय मी मरायची नाही, सांगून ठेवते." मी म्हटलं, "मग जग बाई शंभर वर्षं." ती हसली नाही.

सप्टेंबरात गव्हर्नरने नेमलेली चौकशी समिती आमच्या चर्चमध्ये आली. दंगलीला जबाबदार कोण, हे ठरवायचं होतं. समितीतली माणसं सगळी गोरी, एक सोडून. आमच्यातल्या अकरा जणांची नावं बोलायला दिली होती, पहिलं ओझेलाचं. त्या दिवशी ती दारावर उभी होती, पांढऱ्या झग्याखाली काळे बूट घालून. आम्ही दुसरे पांढरे घेऊन देणार होतो, तर म्हणे, "कशाला? माझे आहेत की."

सकाळपासून मोठी मंडळी बोलली. व्यापाऱ्यांचा पुढारी म्हणाला, दगड उचलणारे जबाबदार. आमचा एक तरुण उठून म्हणाला, पोलीस जबाबदार, तर त्याला खाली बसवलं. एका प्राध्यापकाने सांगितलं, काळ्यांच्या घरात बापच टिकत नाही, खरं मूळ तिथे आहे. उचलली जीभ लावली टाळ्याला. मी दाराकडे पाहिलं. तेवीस वर्षं टिकलेल्या नवऱ्याला पुरून तिला दोन महिने झाले होते. डावा हात पाठीमागे, मान ताठ. शेवटी एक गोड बोलणारे गृहस्थ म्हणाले, आपण सगळेच जबाबदार आहोत, आणि टाळ्या पडल्या. मला सगळ्यात जास्त राग त्यांचाच आला. सगळेच जबाबदार म्हटलं की कुणाच्याच गळ्यात काही पडत नाही.

चार वाजले. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. "उरलेल्यांनी आपलं म्हणणं लेखी द्यावं," म्हणाले आणि कागद आवरू लागले. उरलेले म्हणजे आमचे अकराच्या अकरा.

तेवढ्यात व्हिटलोकाका काठी टेकत उठले. चर्चमधले सगळ्यात वडील. त्यांची प्रार्थना सुरू झाली की तळघरातल्या पंगतीची कोंबडी थंडगार होते, ही आमच्याकडची जुनी थट्टा.

"साहेब, देवाच्या घरातून असं उठून जात नाहीत. दोन शब्द प्रार्थनेचे."

पेपरवाले कॅमेरे घेऊन बसलेले. अध्यक्ष नाही कसे म्हणणार? त्यांनी मान खाली घातली. काकांनी आभाळाचे आभार मानले, पावसाचे मानले, अलाबामातल्या आपल्या मेलेल्या खेचराचे मानले. दहा मिनिटांनी समिती दबक्या पावलांनी दाराकडे सरकली. ओझेलाचा पंजा वर गेला.

"बाजूला हो गं," अध्यक्षांचा कारकून कुजबुजला. पंजा तसाच. मीही माझ्या रांगेत पंजा वर केला. मागच्या दारावरच्या बाईनेही केला.

तेव्हा काका म्हणाले, "आणि प्रभू, आता तुझी लेक ओझेला काय सांगतेय तेही ऐक." प्रार्थना संपवणारं आमेन काही म्हणाले नाहीत.

पंजा खाली न आणता ओझेला बोलली. दारातून, बावीस वर्षांत पहिल्यांदा.

"प्रभू, हे साहेब मला गं म्हणतात. मी मिसेस मेबन. माझ्या नवऱ्याला यांनी लुटारू लिहिलंय. ते बूट माझे. माझ्या डाव्या पायाच्या अंगठ्याशी हाड वाढलंय, ते टोचू नये म्हणून त्याने आपल्या तपकिरी हॅटचा तुकडा कापून बुटात चिकटवला होता. हॅट घरी आहे, भोकासकट. डाव्या बुटात हात घालून बघा म्हणावं. तुकडा नसेल तर खुशाल लुटारू लिहा, मी परत तोंड उघडणार नाही. आणि असेल तर शब्द पुसा. ज्याने गोळी घातली त्याचं नाव लिहा."

अध्यक्ष शेवटच्या बाकावर बसले. खिशातून पेन काढलं. काकांनी पुढचं नाव घेतलं, मग त्याच्या पुढचं. अकराही जणांचं झाल्यावर, पावणेसातला, आमेन झालं. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

मार्चमध्ये अहवाल आला. चारशे पानं. जबाबदारीवरच शंभरेक असतील, ती मी वाचलेली नाहीत. ओझेलाने एकच पान उघडलं. एल्मो मेबन, वय बावन्न, ओतकाम करणारा, पत्नीचे दुरुस्त केलेले बूट घरी आणत असताना मृत्यू. गोळी कुणी झाडली, समजू शकले नाही.

त्याच आठवड्यात बूट आले, खाकी पिशवीतून. डाव्यात तुकडा होता. तिने बोट आत घालून तो चाचपला.

रविवारी ती ते घालून दारावर उभी राहिली. प्रार्थना संपल्यावर व्हिटलोकाकांजवळ गेली. "काका, त्या दिवशी आमेन म्हणायची तुम्ही घाई केलीत."

"पावणेतीन तास उभा होतो, पोरी."

"अर्धंच काम झालंय."

सोमवारी ती तेच बूट घालून गोळी झाडणाऱ्याचं नाव विचारायला कचेरीत गेली. मी कामाला दांडी मारली आणि तिच्या मागे रांगेत उभी राहिले.