काकू उठून जायच्या

मला वाचवलं ते आमच्या चर्चमधल्या काकूंनी. हे आधी सांगून टाकते, काय झालं ते मागून. कारण सांगता सांगता मी घाबरते आणि मग मुद्द्याचंच राहून जातं.

काकूंची एक सवय होती. बसल्या जागेवरून एकदम उठायच्या. नाताळाआधी कांचघर मोहल्ल्यातल्या आमच्या बेकरीत ख्रिस्ती घरातल्या बाया आपापला मैदा, अंडी, मेवा घेऊन येतात. आम्ही ते फेटून भट्टीत लावतो आणि केक होईपर्यंत त्या बाकावर बसून राहतात. बसल्या की गप्पा, आणि गप्पा म्हटलं की कुणाची तरी सून. सुनेचं नाव निघालं की काकू पिशवी उचलून दुसऱ्या बाकावर.

"काहून उठल्या, काकू?"

"इथं तो येऊन बसला ना."

तो म्हणजे सैतान. बाया तोंडाला पदर लावून हसायच्या.

एकदा पाळकसाहेब उपदेशात न आलेल्यांची उणीदुणी काढू लागले, तर काकू भर उपासनेत उभ्या. साहेब थांबले. "तब्येत बरी आहे ना, काकू?" "तब्येत ठीक आहे. तुम्ही बायबलच्या वचनावर या, मी बसते."

साखरेचा आजार होता त्यांना, आणि खव्याच्या जिलबीवर जीव. जिलबीच्या दुकानाची गल्लीच सोडून लांबून जायच्या. म्हणायच्या, "एकच खाऊ का, अर्धीच खाऊ का, असं बोलत उभं राहिलं की गेलो आपण. हव्वेनं काय केलं? सापाशी बोलत बसली." तुमच्या मंडळीतही अशी एखादी बाई असेल. आपण तिला हसतो आणि अडचणीत पहिली तिचीच आठवण काढतो.

मी जालन्याकडची. आठवीत शाळा सुटली, आणि पुढे एका ओळखीनं इतक्या लांब, या हिंदी मुलखात कामाला आले. इथं माझ्याशी मराठी बोलणाऱ्या काकू एकट्याच. रविवारी उपासनेनंतर त्यांच्या घरी सलाम करायला जायचे. बाकीचा आठवडा माझा आवाज मलाच ऐकू यायचा.

तीन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात एका सकाळी माझ्या उंबऱ्यावर कापलेलं लिंबू दिसलं. त्यावर कुंकू, आत खिळे. दुपारपर्यंत मला ताप भरला. घरमालकीण दारातूनच म्हणाली, "किसी ने करवा दिया है, बेटा." घमापुरात एक बाबा आहे, केलेलं करणाऱ्यावरच उलटवतो, फक्त नाव सांगावं लागतं, असंही म्हणाली.

नाव माझ्याकडे तयार होतं. बेकरीतली मीना. आदल्याच आठवड्यात आमचं भांडण झालं होतं आणि ती सगळ्यांसमोर म्हणाली होती, "अपने गाँव वापस जा." तापात तेच कानात घुमत होतं. मी बाप्तिस्मा झालेली पोरगी, तरी ओढणी घेऊन त्या बाबाकडे निघाले होते.

तेवढ्यात काकू आल्या, डब्यात पेज घेऊन. मी सगळं सांगितलं. त्यांनी केरसुणी मागितली, लिंबू सुपलीत भरून कचऱ्यात टाकलं आणि साबणानं हात धुतले.

"भीती नाही वाटत, काकू?"

"वाटते ना. सैतान काय खोटा आहे? पण तो लिंबात काहून बसेल? त्याला तुझ्या डोक्यात चांगली जागा भेटली. तिथं बसून मीना, मीना करून राहिला."

"पण तिनंच केलं असेल तर?"

"तर मग तिच्यासाठी जास्त प्रार्थना करावी लागेल. चलो, ऊठ. त्याच्याशी बोलत बसू नको."

रिक्षा केली ती सरळ मीनाच्या घरी. मीनानं कणकेच्या हातांनी दार उघडलं. "अरे! बुखार में कौन निकलता है, पगली?"

काकू एवढंच म्हणाल्या, "अकेली है. खाना नहीं खा रही."

मीनानं मला खाटेवर बसवलं, हात धुऊन काकूंच्या डब्यातली पेज गरम केली आणि रागावत रागावत भरवली. मला रडू आलं. तिला वाटलं तापानं. काकू कोपऱ्यात डोळे मिटून बसल्या होत्या, ओठ हलत होते. लिंबू कुणी ठेवलं ते मला आजही ठाऊक नाही. मीनाला आम्ही कधी विचारलं नाही.

आता काकू रायपूरला लेकीकडे असतात. स्मरण गेलं त्यांचं. लेक सांगते, दिवेलागणीला घाबरतात, कोपऱ्यात कुणी उभं आहे म्हणतात. मी फोन केला तर म्हणाल्या, "कोण बोलून राहिलं?" मी नाव सांगितलं. "अच्छा, अच्छा," म्हणाल्या, परक्या माणसाला म्हणतात तसं. रविवारी उपासना सुटली की मला आता जायला घर नाही. मी सगळ्यांत मागं रेंगाळते.

काकू, नाताळची घाई संपली की मी मालकांकडे सुटी मागणार आहे. रायपूरला येईन. मला ओळखलं नाहीत तरी चालेल. दिवे लागले की तुमचा हात धरून बसेन, तुम्हाला झोप लागेपर्यंत.